भिंतीतल्या कपाटासाठी एलईडी संच: उजेड उत्तम, सूचनांचा कागद अपुरा

संच चांगला आहे आणि घ्यावा असाच आहे. पण सोबत येणारा कागद वाचून कोणी तो भिंतीत बसवलेल्या कपाटात लावायला घेतला, तर ड्रायव्हर, म्हणजे घरातली वीज दिव्याला लागणाऱ्या कमी व्होल्टेजवर आणणारी डबी, नको त्या जागी जाईल अशी मला खरोखर भीती वाटते. म्हणून जरा सविस्तर लिहिते. संचाचं नाव देत नाही. हेच भाग, याच मापाचे, निरनिराळ्या नावांच्या खोक्यांतून मिळतात, आणि मी पुढे जे सांगणार आहे ते आतल्या भागांबद्दल आहे.

मी विद्युत देखभालीचं काम करते. पॅनेल, मोटारी, केबल हे रोजचं. हे काम मात्र आईच्या कपाटासाठी केलं. भिंतीतच कोरून काढलेलं जुनं फडताळ, उंची साधारण १.८ मीटर, खोली जेमतेम ३० सेंटिमीटर, आत पाच खण. तिन्ही बाजूंनी वीट, आतून प्लायचं अस्तर, पुढे दोन दारं. वरच्या दोन खणांत पुस्तकं, मधल्यात औषधं, खाली कागदपत्रांच्या फायली. खोलीतला दिवा पाठीमागे असल्यामुळे कपाटासमोर उभं राहिलं की स्वतःचीच सावली आत पडते. एकसारख्या दिसणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं आईला वाचता येईनात, तेव्हा दिवा लावायचं ठरलं. औषधाची अदलाबदल ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही.

उभ्या कपाटाला दिवा लावणं आणि भिंतीतल्या कपाटाला दिवा लावणं यात मोठा फरक आहे, आणि विकणारे तो सांगत नाहीत. उभं कपाट चारही बाजूंनी खोलीतल्या हवेत असतं. आत तयार झालेली उष्णता पाठीतून, कडेतून, फटींतून निघून जाते. शिवाय काही बिघडलं तर कपाट पुढे ओढून मागे हात घालता येतो. भिंतीतल्या कपाटाला यातलं काहीच नाही. तीन बाजू बंद, चौथी बाजू म्हणजे दारं, तीही बहुतेक वेळ लावलेली. त्यातून भिंत पोकळ असेल आणि आत काचवूल किंवा दुसरं काही उष्णतारोधक भरलेलं असेल, तर तिथे ठेवलेली गरम होणारी वस्तू पांघरुणात गुंडाळल्यासारखी होते.

पूर्वी अशा कपाटांत हॅलोजनचे छोटे गोल दिवे बसवत. २० वॅटचा दिवा, पण त्यातली बहुतेक वीज उष्णतेतच जायची, आणि दिव्याच्या काचेचं तापमान २५० अंशांच्या वर असायचं. वरच्या फळीला लावलेला असा दिवा आणि त्याच्याखाली कोणी भरगच्च रचलेले कागद, एवढं पुरे. ज्यांच्याकडे अजून हे दिवे आहेत त्यांनी निदान त्यांच्या खाली आणि आजूबाजूला सामान रचू नये, आणि जमेल तितक्या लवकर ते बदलून घ्यावेत. बदलताना जुना हॅलोजनचा ट्रान्सफॉर्मर मात्र पुन्हा वापरू नये. त्याला काही किमान लोड लागतो, एलईडीचा लोड तेवढा भरत नाही, मग दिवे लुकलुकतात. शिवाय त्यातून एसी करंट निघतो आणि एलईडीच्या पट्टीला डीसी लागतो.

एलईडी गरम होत नाही असं मानतात, तेही खरं नाही. ती पुढच्या बाजूने उष्णता फेकत नाही, पाठीमागून देते. म्हणून पट्टीच्या पाठीला अॅल्युमिनियम हवं. नुसती पट्टी प्लायवर चिकटवली तर लाकूड उष्णता पुढे नेत नाही, पट्टी स्वतःच्याच उष्णतेत शेकत राहते, डिंक सुटतो आणि दिवे वेळेआधी मंद होतात.

या संचात अॅल्युमिनियमच्या प्रोफाइल (पट्टी आत बसते अशा लांब पन्हळी) दिल्या आहेत ही मला सगळ्यात आवडलेली बाब. एकूण सामान असं: २४ व्होल्टची सलग प्रकाशाची पट्टी, २ मीटरचे दोन तुकडे, मीटरला ८ वॅट, कोपऱ्यात बसणाऱ्या ४५ अंशांच्या प्रोफाइल आणि त्यांवर दुधी झाकण, ४० वॅटचा ड्रायव्हर, सहा खाचांचा वाटप-ठोकळा, ज्यात प्रत्येक पट्टीची वायर नुसती खोचायची, दार उघडल्यावर दिवा लावणारा एक सेन्सर, क्लिपा, स्क्रू आणि तो कागद.

ड्रायव्हरचं गणित कंपनीने नीट केलं आहे. पूर्ण ४ मीटर पट्टी लावली तर ३२ वॅट होतात, म्हणजे ४० च्या ऐंशी टक्के. ड्रायव्हर एवढ्यावरच चालवावा, काठोकाठ भरू नये. मला प्रत्येक बाजूला १.८ मीटरच लागली, त्यामुळे लोड २९ वॅटच्या आत राहिला. पट्टीवर दर ५ सेंटिमीटरला कापायची खूण आहे, तिथेच कापायची. खूण सोडून कापली तर खुणेपर्यंतचा तेवढा तुकडा पेटत नाही.

२४ व्होल्ट हेही मी मुद्दाम बघून घेतलं. बाजारात १२ व्होल्टचे संच अधिक दिसतात. २९ वॅटला १२ व्होल्टवर जवळजवळ २.४ अँपिअर वाहतात, २४ वर १.२. फरक निम्म्याचा वाटतो, पण जोडावर तापणारी वीज करंटच्या वर्गाच्या पटीत असते. समजा एखादा जोड सैल आहे आणि त्याचा रोध अर्धा ओहम झाला आहे. १२ व्होल्टवर त्या एका टोकावर जवळजवळ ३ वॅट जळतात, २४ व्होल्टवर पाऊण वॅटही नाही. ३ वॅट ऐकायला किरकोळ वाटतात, पण ते हरभऱ्याएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या टोपणात, लाकडाला टेकून असतात.

आणि हे नीट लक्षात घ्या: असा सैल जोड घरातल्या एमसीबीला दिसत नाही, आरसीसीबीलाही दिसत नाही. एमसीबी जादा करंटवर पडते, आणि इथे करंट जादा नसतोच. आरसीसीबी जमिनीकडे जाणारी गळती पकडते, पण ड्रायव्हरच्या पलीकडची बाजू मुख्य लाइनपासून वेगळी केलेली असते, त्यामुळे तिथलं काही तिला कळत नाही. ‘२४ व्होल्ट आहे, शॉक बसत नाही’ हे बरोबर आहे. ‘म्हणून आग लागत नाही’ हे त्यातून निघत नाही. कमी व्होल्टेजच्या बाजूला राखण करणारा फक्त ड्रायव्हर, आणि दुसरी राखण आपण केलेल्या जोडाची.

म्हणूनच ड्रायव्हरबद्दल सगळ्यात जास्त लिहायचं आहे.

ड्रायव्हर हातात घेतला की त्याच्या अंगावरचं लेबल वाचावं. या ड्रायव्हरवर एका चौकोनात दुसरा चौकोन आहे, म्हणजे दुहेरी इन्सुलेशन, त्याला अर्थिंगची तार लागत नाही. एसईएलव्ही लिहिलं आहे, म्हणजे बाहेर येणारं व्होल्टेज सुरक्षित पातळीचं आणि मुख्य लाइनपासून विलग केलेलं. टीए ४५ लिहिलं आहे: आजूबाजूची हवा ४५ अंशांपर्यंत असली तर चालेल. टीसी ८० लिहून तिथे एक ठिपका काढला आहे: या ठिपक्यावर तापमान ८० च्या वर जाऊ द्यायचं नाही. आणि उलट्या त्रिकोणातली एमएम ही खूण आहे. जे फर्निचर कशाचं बनलंय, ते पेट घेईल का, हे माहीत नाही अशा फर्निचरवरही ड्रायव्हर बसवता येतो असा तिचा अर्थ. कपाटासाठी ड्रायव्हर निवडताना मी ही खूण असलेलाच निवडते. जिथे लेबलवर फक्त व्होल्टेज आणि वॅट छापलेले असतात, बाकी काही नसतं, तो ड्रायव्हर कितीही स्वस्त असो, भिंतीच्या आत न्यायचा नाही.

आता जागा. कागदावरच्या चित्रात ड्रायव्हर कपाटाच्या पाठीमागे दाखवला आहे. उभ्या कपाटाला ते ठीक. भिंतीतल्या कपाटाला पाठीमागे काय आहे? प्लाय आणि विटेच्या मधली बोटभर फट. आमच्या सुतारकाकांनीही तेच सुचवलं होतं.

“ताई, मागची प्लाय काढलीच आहे, तर ड्रायव्हर इथंच ठेवून देतो. दिसणार पण नाही.”

“काका, दिसणार नाही ते खरं. पण गेला तर काढायचा कुठून?”

“जात नाही हो लवकर.”

“तिथं ठेवला तर लवकर जाईल. हवाच नाही ना तिथं.”

काका विचारात पडले, प्लायवर हात टेकवून फटीत डोकावले आणि म्हणाले, “मग वरचा खण थोडा कमी करू. चार बोटं जागा काढतो, पुढून झाकणपट्टी लावतो, स्क्रूवर. खोलली की सगळं हातात.” हा तोडगा माझ्या डोक्यात असलेल्या तोडग्यापेक्षा सरस होता. मी ड्रायव्हर खोलीत माळ्यावर न्यायच्या विचारात होते. काकांनी कपाटाच्या अगदी वर एक उथळ कप्पा काढला, पुढच्या झाकणपट्टीला वर आणि खाली लांबट फटी पाडल्या, आणि ड्रायव्हर दोन छोट्या ठोकळ्यांवर उचलून बसवला, म्हणजे खालूनही हवा खेळते. झाकणपट्टीचे चार स्क्रू काढले की ड्रायव्हर, वाटप-ठोकळा आणि मुख्य लाइनचा जोड, तिन्ही समोर.

उष्णतेने ड्रायव्हरचं काय बिघडतं, तर त्यातले कपॅसिटर सुकत जातात. दर १० अंशांमागे त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं हा आमच्या कामातला नेहमीचा हिशेब. त्यामुळे कोंडलेल्या फटीत आणि मोकळ्या कप्प्यात पडणारा फरक थोडाथोडका नसतो. दिव्याची पट्टी अनेक वर्षं टिकते, ड्रायव्हर आधी जातो. तो बदलायला भिंत फोडावी लागू नये.

मुख्य लाइनच्या जोडणीचं थोडक्यात सांगते, कारण हे काम ज्याला येतं त्यानेच करायचं आहे. या ड्रायव्हरला टॉप (सॉकेटमध्ये खोचायचा प्लग) असलेली वायर येत नाही, उघडी टोकं येतात. काही संचांत टॉपचा अॅडॉप्टर असतो आणि मग लोक ती लवचिक वायर भिंतीतल्या भोकातून ओवून आतल्या आत नेतात. तसं करू नये. लवचिक वायर भिंतीत गाडण्यासाठी बनवलेली नसते. तिला तिथे पाइप नाही, कोणी खिळा मारला तर संरक्षण नाही, आणि ती उंदरांनी कुरतडली तरी कळत नाही. भिंतीतून जायचं ते पाइपमधून, पक्क्या केबलने, आणि प्रत्येक जोड बॉक्समध्ये, झाकण उघडता येईल असा. आमच्याकडे लाइट पॉइंटची वायर वरून पाइपमधूनच आणली आणि बाहेर एक स्विच दिला. तो बंद केला की कपाटात मुख्य लाइनचं काहीच जिवंत राहत नाही, कारण स्विच फेजवर, म्हणजे वीज घेऊन येणाऱ्या तारेवर आहे. हे तपासून घ्या. न्यूट्रलवर स्विच लावलेला असेल तर दिवा बंद दिसतो आणि ड्रायव्हरपर्यंत फेज तसाच असतो.

भोक पाडण्याआधी भिंतीत काय आहे ते बघणं ओघानंच आलं. जवळचा स्विच, सॉकेट, नळ यांच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत वायर किंवा पाइप असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. कपाटाच्या पाठीत लांब स्क्रू घालायचाच नाही. काम सुरू करताना एमसीबी पाडून, कोणी चुकून चढवू नये म्हणून तिथे चिठ्ठी लावून, मग टेस्टर. टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून बघायचा, मग जिथे काम आहे तिथे, मग पुन्हा चालू सॉकेटवर. मधेच टेस्टर मेला असेल तर तिसऱ्या वेळी कळतं. आमच्याकडे नव्या मुलांना मी हे पहिल्या दिवशी शिकवते, आणि घरीही त्यात सूट देत नाही.

कपाटाचं अस्तर लोखंडी असेल, किंवा मागे धातूचा पत्रा असेल, तर त्या पत्र्याला अर्थिंग द्यायचं. ड्रायव्हरला लागत नसलं तरी मुख्य लाइनची वायर त्याच पेटीत शिरते आहे.

पट्टी बसवण्याचं काम आनंदाचं आहे. प्रोफाइल बारीक दातांच्या करवतीने कापली आणि टोकं कानशीने घासून गुळगुळीत केली. कापलेल्या अॅल्युमिनियमची धार वायरचं आवरण सहज सोलते. आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळू देऊन, मग पट्टी चिकटवली. पट्टीवर अंगठा दाबत न्यायचं, ओढायचं नाही. पट्टी चाकावर गुंडाळलेली असतानाच ‘पेटते का बघू’ म्हणून चालू करून ठेवणं टाळा. गुंडाळीत उष्णता साठते आणि पट्टी तिथेच भाजते. सगळी उलगडून, टेबलावर पसरून तपासा.

फळ्यांमधून वायर नेण्यासाठी जी भोकं पाडली त्यांत रबरी बुश घातले. बुश संचात नाहीत, द्यायला हवे होते. वायर फळीच्या कडेवर घासत राहिली तर तिचं आवरण कधी गेलं ते कळत नाही. दारांवर काही बसवायचं नव्हतं म्हणून बिजागरीजवळ वायर नेण्याचा प्रश्न आला नाही. ज्यांना दारावर दिवा हवा आहे त्यांनी तिथे वायरला सैल वळसा ठेवावा आणि दोन्ही टोकांना ती बांधावी, म्हणजे दार हलताना ताण जोडावर येत नाही.

पट्टीला वायर जोडण्यासाठी संचात दाबून बसवायचे कनेक्टर आहेत. बरे आहेत, पण मी ते वापरले नाहीत. दोन्ही जोड डाखले, वर आकसणारी नळी चढवली आणि प्रोफाइलच्या टोकाशी वायर क्लिपने धरून ठेवली. ज्यांना डाख द्यायची सवय नाही त्यांनी कनेक्टर वापरावेत, पण बसवल्यावर वायर हलकेच ओढून बघावी, आणि अर्धा तास दिवा लावून त्या जागी बोट ठेवावं. जोड पट्टीपेक्षा गरम लागला तर तो पुन्हा करायचा.

उजेडाबद्दल. पट्ट्या मी दोन्ही बाजूंच्या पुढच्या उभ्या कडांना, दाराच्या चौकटीच्या मागे, आतल्या बाजूला तोंड करून लावल्या. अशा जागी दिवा डोळ्यांत येत नाही आणि पाचही खणांना सारखा उजेड मिळतो. फक्त छतालाच पट्टी लावली असती तर लाकडी फळीमुळे वरचा एकच खण उजळला असता. काचेच्या फळ्या असतील तर वरून लावलेलंही चालतं. समोरून थोडा, बाजूने जास्त असा प्रकाश पडल्यामुळे पुस्तकांच्या पाठींवरची अक्षरं उठून दिसतात, आणि माणूस समोर उभा राहिला तरी सावली पडत नाही.

रंग ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर पांढरा, रंगांचा खरेपणा (सीआरआय) ९० च्या वर. हा दुसरा आकडा लोक बघत नाहीत, पण औषधांसाठी तोच महत्त्वाचा. हलक्या दर्जाच्या पट्टीखाली फिकट गुलाबी आणि फिकट केशरी गोळी सारखीच दिसते. या उजेडात आईने पाकिटं हातात घेऊन, चष्मा न लावता, नाव वाचून दाखवलं. मग दोन पाकिटं शेजारी धरली आणि म्हणाली, “ही सकाळची, ही रात्रीची. रंगच वेगळाय गं, मला इतके दिवस एकच वाटायचा.” ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला, आणि हे काम आधीच करायला हवं होतं असं वाटलं.

औषधांचं आणखी एक. खोलीच्या तापमानालाच ठेवायची औषधं दिव्याजवळ ठेवू नयेत. पट्टी पुढच्या कडेला असल्यामुळे आम्ही औषधांचा डबा मागे सरकवला. पट्टी तासभर चालू ठेवून त्या खणातलं तापमान मोजलं, तर खोलीपेक्षा २ अंशांनी जास्त आलं, तेही दारं लावलेली असताना. प्रत्यक्षात दारं लावली की दिवा विझतोच.

विझतो, पण सेन्सरच्या कृपेने, आणि संचाची कमजोर बाजू हीच आहे. सेन्सर दाराच्या आतल्या पृष्ठभागावरून परत येणाऱ्या अवरक्त किरणांवर चालतो. दार समोर आलं की बंद, दूर गेलं की चालू. आमची दारं आतून फिकट रंगाची आहेत म्हणून काम होतं. आतून काळं किंवा गडद मॅट असलेल्या दारावरून किरण पुरेसे परतत नाहीत, काचेच्या दारावर तर भरवसाच नाही. मग दार लावूनही दिवा आत जळत राहतो आणि बाहेरून पत्ता लागत नाही. दुसरं, दारं दोन असताना सेन्सर एकच दिला आहे. उजवं दार उघडलं तर दिवा लागतो, डावं उघडलं तर लागत नाही. मी तो काढून दोन चुंबकी स्विच लावले, प्रत्येक दाराला एक, दोन्ही समांतर. कोणतंही दार उघडलं की दिवा, दोन्ही लावली की अंधार. चुंबकी स्विचला दाराचा रंग विचारावा लागत नाही. मात्र तो किती करंट सोसतो ते बघून घ्या. बारीक स्विचमधून १.२ अँपिअर थेट नेऊ नका, मधे छोटी रिले (थोड्या करंटवर चालून जास्त करंट चालू-बंद करणारी कळ) द्या. ज्यांना ही उठाठेव नको त्यांनी बाहेरच्या स्विचवरच भागवावं. संध्याकाळी दार लावून, खोलीतला दिवा मालवून, फटीतून उजेड येतो का ते एकदा बघितलं तरी खात्री पटते.

सेन्सर ड्रायव्हरच्या पुढे, २४ व्होल्टच्या बाजूला बसतो, मागे नाही. म्हणजे दारं लावलेली असतानाही ड्रायव्हर मुख्य लाइनवर असतो आणि थोडा कोमट राहतो. त्याची जागा हवेशीर हवी याला हेही एक कारण. आठवडाभर घर बंद ठेवणार असाल तर बाहेरचा स्विच बंद करून जा.

सगळं जोडून झाल्यावर दारं उघडी ठेवून पूर्ण लोडवर दोन तास चालवलं. खोलीत ३० अंश असताना ड्रायव्हरच्या ठिपक्यावर ५४ आले, कप्प्याची झाकणपट्टी बसवलेली असताना. ८० पासून भरपूर दूर. प्रोफाइल हाताला कोमट लागते, चटका नाही. पट्टीच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजलं, पाव व्होल्टचाही फरक नव्हता, त्यामुळे वरचा आणि खालचा खण सारखाच उजळतो. कामाच्या ठिकाणी, टेबलावर, ड्रायव्हरची दोन्ही आउटपुट टोकं एकमेकांना लावूनही बघितली. त्याने लगेच हात आखडता घेतला, टोकं सोडवल्यावर पूर्ववत झाला. हा प्रयोग घरी करायचा नाही, पण निकाल सांगायला हवा म्हणून सांगते.

उणिवा. कागदात भिंतीतल्या कपाटाचा उल्लेख नाही, हवेसाठी किती जागा सोडायची ते नाही, आणि टीसीच्या ठिपक्याचा अर्थ नाही. चार चित्रं आणि ‘जाणकाराकडून बसवून घ्या’ एवढंच. वायर बारीक आहेत. २ मीटरला पुरतात, पण ज्यांचा ड्रायव्हर पट्टीपासून दूर आहे त्यांनी जाड वायर घ्यावी. दुधी झाकण छान आहे, प्रकाशाचे ठिपके अजिबात दिसत नाहीत, पण टोकांची टोपणं सैल बसतात आणि एक तर पुस्तक काढताना निघून आलं. क्लिपा मजबूत.

मुख्य लाइनवरचा डिमर या ड्रायव्हरला चालत नाही. लेबलवर तसं चिन्हही नाही. मंद उजेड हवा असेल तर डिमर २४ व्होल्टच्या बाजूला लावायचा किंवा मंद करता येणारा ड्रायव्हर वेगळा घ्यायचा.

हा संच न्हाणीघरातल्या, भिंतीत बसवलेल्या आरशाच्या कपाटासाठी मात्र घेऊ नये. त्याचं संरक्षण आयपी २० चं आहे, म्हणजे पाण्यापासून काहीच नाही. आंघोळीच्या जागेपासून ६० सेंटिमीटरच्या पट्ट्यात निदान आयपीएक्स ४ (पाण्याचे शिंतोडे अडवणारं संरक्षण) लागतं, शिवाय आरसीसीबी, आणि ड्रायव्हर शक्यतो खोलीबाहेर. तसंच नवं कपाट कोरून काढणार असाल आणि ती भिंत वरचा भार उचलणारी किंवा दोन घरांमधली असेल, तर दिव्याचा विचार नंतर. आगीला अडवायला बांधलेल्या भिंतीत खोबण केली, की तिथे तिचं अडवणं कमी होतं. आधी बांधकाम जाणणाऱ्या माणसाला दाखवा.

भिंतीत मुख्य लाइन आणणं शक्यच नसेल, भाड्याचं घर असेल, तर चार्ज करून लावायच्या पट्ट्या मिळतात. त्यांचा उजेड कमी असतो आणि चार्जिंगला काढून न्याव्या लागतात, पण काढून न्याव्या लागतात हाच त्यांचा गुण. त्या कपाटात बंद दाराआड, कागदांत चार्जिंगला लावून ठेवू नयेत.

बाकीच्यांनी हा संच खुशाल घ्यावा. माझ्याकडून पाचातले चार, आणि एक कापला तो त्या कागदासाठी. धाकट्या भावाच्या घरी तसंच फडताळ आहे, त्याच्यासाठी हाच मागवला आहे. सोबत रबरी बुश, दोन चुंबकी स्विच आणि एक जादा ड्रायव्हर. तो ड्रायव्हर काकांच्या त्या पट्टीमागच्या कप्प्यासारख्या कप्प्यात नाही, घरातल्या हत्यारांच्या पेटीत ठेवायला सांगितला आहे, लेबल वर करून.